तिसऱ्या भागात शिकार कुठे आहे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत राक्षसांच्या शिकाऱ्यांवरच्या त्रयीतल्या तिसऱ्या, शेवटच्या कादंबरीचं परीक्षण आलं. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पहिले दोन भाग वाचलेले लोक ते लगेच ओळखतील. ज्यांनी वाचले नाहीत, त्यांना त्या परीक्षणाने आधीच इतकं सांगून टाकलंय की त्यात माझी भर नको.

मी एका ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर बसते. सत्तावीस वर्षं झाली. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही, पण परीक्षकांना न दिसणारी एक गोष्ट मला रोज दिसते, ती म्हणजे पुस्तक परत कसं येतं. या त्रयीचा पहिला भाग दोनदा बांधणीला जाऊन आलाय. कोपरे गोल झालेत, नकाशाचं पान कुणीतरी अलगद कापून नेलंय, तारखांची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलीय. दुसरा भाग त्यापेक्षा बरा, मात्र त्याची शेवटची चाळीसेक पानं अंगठ्यांनी काळवंडलीत. तिथे लोकांना घाई झाली होती हे चिठ्ठी न बघताही कळतं. तिसऱ्या भागाची तऱ्हाच वेगळी. तो लोक नेतात आणि मुदतवाढ मागत राहतात. एक निवृत्त गृहस्थ तीन आठवड्यांनी आले तेव्हा शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. "वेळ नाही मिळाला?" विचारलं, तर म्हणाले, "वेळेचं काय, वेळच वेळ आहे. उरकवत नाही."

आपल्या परीक्षणाचा रोख असा की पहिल्या भागात शिकारीच शिकारी, दुसऱ्यात बऱ्यापैकी, आणि तिसऱ्यात मोजून एक, तीही धड नाही. मग याला शेवट म्हणायचं कसं? चौकटीत ठळक टाईपात ओळ होती, 'तिसऱ्या भागात शिकार कुठे आहे?' प्रश्न चांगला आहे. फक्त परीक्षकांनी तो विचारून सोडून दिला आणि पुस्तकाला नापास केलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. माझी एक तक्रारही आहे, पण आधी पुस्तकाचं बोलते.

पहिल्या भागात चौदा वर्षांची एक मुलगी शिकाऱ्यांच्या टोळीत येते. टोळीचा म्हातारा म्होरक्या तिला आधी दोनच कामं लावतो. रात्री भाल्यांची पाती पुसायची आणि वहीत नोंद करायची. मारलेल्या प्रत्येक राक्षसामागे एक ओळ. कुठे मारला, कसा मारला, मोबदला काय मिळाला. नावाचा रकानाच नाही, कारण राक्षसाला नाव नसतं असं टोळीत मानतात. भागाच्या शेवटी ती तळ्यातला राक्षस मारते आणि काठावरचे लोक तिला खांद्यावर घेऊन नाचतात.

दुसऱ्या भागात ते तळं आटायला लागतं. हे कुठेही ठासून सांगितलेलं नाही. एकदा कुणीतरी म्हणतं की काठाच्या दोन पायऱ्या जास्त दिसायला लागल्यात. एकदा एक नावाडी होडी चिखलातून ओढत नेतो आणि कपाळावरचा घाम पुसतो. पहिल्या वाचनात मी या दोन्ही जागा भरकन ओलांडल्या होत्या. आणि तिसऱ्या भागात ती मुलगी, आता चांगली बाई झालेली, ती वही काखोटीला मारते आणि पहिल्या ओळीपासून एकेका जागी परत जाते. एवढाच आराखडा आहे.

तिसऱ्या प्रकरणात एक जागा आहे. (यात शेवटाचं काही फुटत नाही, निर्धास्त वाचा.) ती नदीच्या उताराशी एका घरात मुक्कामाला असते. रात्री नेहमीच्या सवयीने भाला घेऊन बसते आणि पातं पुसते. भाला कित्येक महिन्यांत वापरलेला नाही, त्यामुळे कापड जसंच्या तसं स्वच्छ. घरातली बाई ते बघत असते. ती विचारते, रोज पुसतेस ते काय? ही म्हणते, सवय. मग ती बाई दिव्याची वात जरा खाली करते आणि सांगते की उतारावरचा तो राक्षस वर्षातून एकदा रात्रभर ओरडायचा. तो ओरडला की आम्ही पोरंबाळं घेऊन टेकाडावर जायचो, सकाळी खाली पाणीच पाणी असायचं. तुम्ही लोकांनी त्याला मारलंत. पुढच्या पुरात कुणी ओरडलं नाही.

बाई एवढंच सांगते. ती रडत नाही, शिव्याशाप देत नाही. ही वही उघडते, त्या ओळीवर बोट ठेवते, 'उतार, जाळे टाकून, पूर्ण मोबदला', आणि वही मिटते. परीक्षणात या प्रकरणाला 'निव्वळ गप्पा' म्हटलंय. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता जरा शब्दाकडे वळते. आपण या सगळ्या जिवांना सरसकट राक्षस म्हणून मोकळे होतो, परीक्षणातही तसंच आहे. इंग्रजीत मॉन्स्टर म्हणतात. तो शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याच्या मुळाशी 'इशारा देणे' हा अर्थ आहे. विचित्र जीव दिसला की काहीतरी घडणार, हा तो संकेत. उतारावरचा ओरडणारा राक्षस आठवा. आणि आपला शब्द? रामायणाच्या उत्तरकांडात अगस्त्य रामाला राक्षसांचं कूळ सांगतात. ब्रह्मदेवाने आधी पाणी निर्माण केलं आणि त्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केले. त्यातले जे 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस झाले. म्हणजे मुळात ते पाण्याचे राखणदार. तळं का आटलं, याचं उत्तर आपल्या शब्दातच होतं. पुस्तक लिहिताना ही कथा समोर होती की नव्हती, मी सांगू शकत नाही. पण मराठीत वाचणाऱ्याला ती ऐकू येते खरी, निदान मला तरी आली.

आणि राक्षसांच्या शिकारीत मुरलेला, आपल्या ओळखीतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे भीम. त्याच्या शिकारी आपण लहानपणी ऐकतो आणि तिथेच सोडून देतो. बकासुर पाठीत गुद्दे घालतोय आणि हा त्याच्याकडे पाठ करून गाडाभर अन्न संपवतोय, हे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असतं. त्यानंतरचं फार थोड्यांना आठवतं. बक मेल्यावर त्याचे नातलग घाबरून बाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही. यापुढे माणसाच्या वाटेला जाणार नाही असा शब्द घेतो आणि सोडून देतो. प्रेत वेशीशी टाकतो आणि कुणाला न दिसता निघून येतो. ना मिरवणूक, ना मोबदला.

ही झाली पहिल्या भागाची शिकार. आता पुढे बघा. द्यूतात सगळं घालवून पांडव काम्यकवनात शिरतात तेव्हा किर्मीर नावाचा राक्षस वाट अडवून उभा असतो. तो सांगतो, बक माझा भाऊ आणि हिडिंब माझा मित्र. इतक्या वर्षांनी हिशेब मागायला आलाय. भीम त्यालाही मारतो. मग थेट युद्धात, चौदाव्या दिवशीची रात्र, मशाली लावून लढाई चाललेली. अलायुध नावाचा राक्षस दुर्योधनाकडे येतो. त्याच्या तोंडी तीन नावं असतात. हिडिंब, बक, किर्मीर. आमच्या माणसांना मारणारा भीम माझ्या वाट्याला द्या, म्हणतो. नामावळी लांबत चाललीय, लक्षात येतंय ना? टोळीच्या वहीत नावांना रकाना नव्हता. इथे राक्षसांनीच नावं सांभाळून ठेवलीत.

आणि त्या रात्री भीम अलायुधापुढे कमी पडतो. कृष्ण त्याच्या मदतीला घटोत्कचाला धाडतो. हा हिडिंबेचा मुलगा, म्हणजे भीमाने मारलेल्या पहिल्या राक्षसाचा सख्खा भाचा. मामाचा सूड घ्यायला आलेल्याच्या तावडीतून मामाला मारणाऱ्या बापाला सोडवायला भाचा जातो. अलायुधाचं डोकं तो उडवतो आणि थोड्याच वेळात कर्णाच्या 'शक्ती' या अस्त्राने स्वतः मरतो. पांडव रडत असतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुनाला ते बघवत नाही, तो विचारतो. कृष्ण सांगतो की तुझ्यासाठी राखलेली शक्ती कर्णाने वापरून टाकली, तू वाचलास. इथवर ठीक आहे, युद्धातला हिशेब आहे. पण तो पुढे असंही म्हणतो की कर्णाने याला मारलं नसतं तर कधीतरी मलाच मारावं लागलं असतं, कारण हा यज्ञांचा वैरी होता.

आपल्या बाजूने लढला, बापाला सोडवलं, आपल्यासाठी मेला, तरी शेवटी तो राक्षसच. तिसऱ्या भागात शिकार कुठे असते असं मला कुणी विचारलं तर मी हे बोट ठेवून दाखवीन. (आमच्याकडच्या महाभारताच्या भाषांतरातला आदिपर्वाचा खंड पार झिजलाय आणि द्रोणपर्वाचा खंड नव्यासारखा आहे. लोक तिथवर पोचतच नाहीत. मीही तो पहिल्यांदा पुरता वाचला तो पावसाळ्यात, काउंटरवर कुणी फिरकत नव्हतं म्हणून.)

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. इंग्रजीचं जुनं वीरकाव्य 'बेओवुल्फ' तीन राक्षसांचं आहे. पहिल्या दोन झुंजी नायकाच्या तरुणपणीच्या. आधी ग्रेंडेल, मग त्याची आई. तीही मुलाचा सूड घ्यायलाच आलेली असते. तिसरी झुंज मध्ये पन्नास वर्षांचं राज्य झाल्यावरची. आता नायक म्हातारा राजा आहे. ड्रॅगनही आपणहून आलेला नाही, त्याच्या ठेव्यातला एक पेला कुणीतरी चोरल्यामुळे तो चवताळलाय. ऐन वेळी सोबती रानात पळतात, एकच थांबतो. ड्रॅगन मरतो, राजाही मरतो. चितेपाशी एक बाई रडत असते, आता आपल्यावर कोण कोण चालून येईल या धास्तीने. नेमक्या त्या ओळींपाशी एकुलतं एक हस्तलिखित खराब झालंय, काही शब्द अंदाजाने भरावे लागतात. ते हस्तलिखित १७३१ सालच्या आगीतून कसंबसं वाचलेलं. पहिल्या दोन झुंजींसारखी तिसरी का नाही, असं त्या कवीला विचारून चालेल का?

त्रयी हा घाट ज्यांच्याकडून आला त्या ग्रीकांचंही तेच. एस्किलसची इ.स.पू. ४५८ मधली 'ऑरेस्टेइया' ही त्यांची आज पूर्ण शिल्लक असलेली एकमेव नाट्यत्रयी. पहिल्या नाटकात बायको नवऱ्याला मारते, दुसऱ्यात मुलगा आईला मारतो, तिसऱ्यात सूडाच्या भयंकर देवता त्या मुलामागे लागतात. तुंबळ काहीतरी होणार असं वाटत असताना खटला उभा राहतो, मतं मोजली जातात, ती समसमान पडतात आणि मुलगा सुटतो. मग त्या खवळलेल्या देवतांना मारायचं सोडून अथीना देवी त्यांची समजूत घालत बसते आणि त्यांना नगरात मानाची जागा देते. निव्वळ गप्पा!

असो. मी या कादंबरीची वकिली करतेय असं वाटत असेल तर तिचे दोषही सांगते. मधली सव्वाशे पानं नुसता प्रवास आहे. डोंगर चढा, डोंगर उतरा, पुन्हा धुकं. चौथ्या मुक्कामानंतर मी पानं मोजायला लागले होते. दुसऱ्या भागात भाकीत सांगणारी एक आंधळी बाई आणली होती, तिला इथे लेखनाची सोय म्हणून राबवलंय. अडलं की बाई बोलते. एक तरुण शिकारी दोन-तृतीयांश पुस्तक उलटल्यावर येतो आणि त्याच्यावर आपण लगेच जीव टाकावा अशी अपेक्षा आहे, ते जमत नाही. आणि म्होरक्या दुसऱ्या भागाच्या शेवटी गायब होतो त्याचा खुलासा फारच सोयीचा वाटतो. परीक्षणात यातलं काही असतं तर मी मान डोलावली असती. पण हे काहीच त्यात नाही. तिथे आहे ती राक्षसांची मोजदाद आणि प्रत्येकाची उंची.

आता तक्रार. परीक्षणाबरोबर मुखपृष्ठाचं चित्र छापलं होतं आणि चित्राखाली एक ओळ. त्या ओळीत शेवटी कोण मरतं ते नावानिशी दिलं होतं. आठ शब्द. मजकुरात असतं तर निदान वाचणाऱ्याला मध्येच थांबता आलं असतं. चित्राखालची ओळ माणूस वाचायचं ठरवून वाचत नाही, ती वाचली जाते. अख्खं पान बाजूला सारणाराही तेवढी वाचतो.

टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं उदाहरण देते. मुळात ती एकच कादंबरी, तीन भागांत छापली गेली. दुसरा भाग १९५४ च्या नोव्हेंबरात आला. नायक जिवंत पण शत्रूच्या ताब्यात, इथे तो थांबतो. तिसरा आला १९५५ च्या ऑक्टोबरात. अकरा महिने वाचक टांगणीला. प्रकाशकाने तिसऱ्या भागाला जे नाव दिलं ते टोल्किनना पसंत नव्हतं, कारण राजा परत येतो हे नावातच कळतं. त्यांना 'अंगठीचं युद्ध' अशा अर्थाचं नाव हवं होतं. ज्याने जग उभं केलं त्याला एवढंसं फुटलेलंही खटकलं. तिथे आपल्या आठ शब्दांचं काय सांगू?

माझ्याकडे चौदा-पंधरा वर्षांचा एक सभासद आहे. प्रतीक्षा यादीत तो चौथा होता. दर दोन दिवसांनी काउंटरच्या कडेला हनुवटी टेकून विचारायचा, "काकू, तिसरा आला?" तो पुरवणी वाचत नाही. पण त्या रविवारी त्याच्या वहीला घालायला घरातल्या कुणीतरी तेच पान घेतलं. मंगळवारी त्याचा नंबर लागला. मी पुस्तक खालच्या खणातून काढून समोर ठेवलं, शिक्का उचलला. त्याने ते हातात घेतलं, मागची तारखांची चिठ्ठी बघितली, पुस्तक पालथं ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"नको काकू. मला माहितीय काय होतं ते."

मी म्हटलं, "अरे, घटोत्कच मरतो हे तुला माहीत होतं ना? तरी तू ती गोष्ट तीनदा नेलीस."

"ते वेगळं. ते सगळ्यांनाच माहीत असतं."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दिवसभर शिक्के मारताना तेच डोक्यात. वर मी भीमाचं एवढं पुराण लावलंय, त्याचे सगळे शेवट जन्मापासून फुटलेले आहेत, तरी आपण वाचतोच. मग या एका नावाचा एवढा बाऊ का? परीक्षकांनीही हेच म्हटलं तर? मी बराच विचार केला. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीत सगळे एका पंगतीला असतात, कुणाचं काही कमी होत नाही. शिवाय ती गोष्ट आपल्याला ज्याने सांगितली त्याने ती सुरुवातीपासून सांगितली. आजीने "घटोत्कच मरतो" एवढंच सांगून दिवा मालवला नाही. या मुलाला दोन भाग वाचून, त्या मुलीबरोबर पाती पुसत पुसत जिथे पोचायचं होतं तिथलं नुसतं प्रेत मिळालं, तेही वहीच्या पुठ्ठ्यावर. पहिलं वाचन एकदाच मिळतं, ते त्याचं गेलं. माझं उत्तर अजून पुरतं नाही हे मला कळतं. या वयातही मी कधी कधी शेवटचं पान आधी वाचते, हेही कबूल करते. पण ते मी उघडते, कुणी माझ्यापुढे उघडून धरत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. मालिकेतल्या शेवटच्या पुस्तकाचं परीक्षण छापताना शेवटाचा उल्लेख असेल तर वर एक ओळ टाका, 'कथेचा शेवट या लेखात आला आहे'. चित्राखाली फक्त पुस्तकाचं, लिहिणाऱ्याचं आणि चित्रकाराचं नाव असू द्या. आणि जमलंच तर असं पुस्तक, पहिले दोन भाग ज्याने वाचलेत त्याच्याकडे परीक्षणाला द्या. आपल्या परीक्षकांनी ते वाचलेत की नाहीत याबद्दल मला शंका आहे, कारण तळं आटल्याचा त्यांनी एका शब्दाने उल्लेख केलेला नाही, आणि ज्याला तळं दिसलं नाही त्याला शिकार दिसणार कशी.

त्या मुलाचं पुढे काय झालं, तेही सांगते. राखून ठेवलेलं पुस्तक नियमाप्रमाणे तीन दिवसांनी पुढच्याला द्यावं लागतं, तसं दिलं. शुक्रवारी तो आला आणि त्याने पहिला भाग नेला, तोच दोनदा बांधलेला, नकाशा नसलेला. पाच दिवसांत परत घेऊन आला. पुस्तकात एका पानाशी त्याने कागदाची चिटोरी घातली होती. ते पान उघडून माझ्यापुढे धरलं. म्होरक्या मुलीला पहिल्यांदा पातं पुसायला शिकवतो ती जागा. डोळे एवढे मोठे करून म्हणाला, "काकू, हे बघा, इथे तो तिला कापड देताना काय म्हणतो ते वाचा, म्हणजे तेव्हापासूनच त्याला..."

मी त्याचं तोंड दाबायचंच बाकी ठेवलं. मागे रांगेत दोघंजण उभे होते आणि एकाच्या हातात दुसरा भाग होता. "पाच वाजता ये," म्हटलं, "काउंटर बंद झाल्यावर सांग." तो पावणेपाचलाच येऊन वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसला, मांडीवर पहिला भाग उघडा ठेवून.

कळावे,
आपली विश्वासू,
ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवरील एक वाचक